पायरीवरचा गोटा

विमलताई गेल्या तो मंगळवार होता. फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत होतो. त्यांच्या मुलाचा फोन होता. तो म्हणाला, "आई गेली." मी फोन ठेवला, हातातलं कव्हर पुरं केलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. पायरीवर मुलं बसली होती. त्यांच्यामध्ये गोटा होता.

मी लगेच कुणाला काही सांगितलं नाही. पायरीवरचं काम अर्ध्यात थांबवायचं नाही हा ताईंचाच नियम होता. मुलं उठली, एकानं दुसऱ्याच्या पाठीत धपाटा घातला, दोघं पाणी प्यायला गेली, आणि मग मी मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघालो.

आमची शाळा नाशिकच्या कडेला, मखमलाबादच्या पुढे आहे. एका बाजूला द्राक्षबाग, दुसऱ्या बाजूला नव्या सोसायट्यांचे अर्धवट उभे सांगाडे. शिक्षकांना मुलं ताई-दादा म्हणतात. पहिला नंबर, दुसरा नंबर असलं काही नसतं. शहरातली जी मुलं दुसऱ्या शाळेत रमत नाहीत, किंवा ज्यांना तिथून जायला सांगितलेलं असतं, ती आमच्याकडे येतात. शिवाय मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथे हरसूल, पेठ अशा डोंगराकडच्या मुली राहतात. बाहेरच्या लोकांचा समज असा की असल्या शाळेत शिस्त नसते, मुलं झाडावर चढतात आणि शिक्षक खाली बसून गाणी म्हणतात. मुलं झाडावर चढायची हे खरं. पण शिस्त होती, आणि ती विमलताई पगारे यांच्याकडे होती.

ताई ठेंगण्या होत्या. सुती साडी, खांद्यावर पिन, मनगटावर घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला. बाराही महिने हातात छत्री. पाऊस नसला, ऊन नसलं तरी छत्री. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "हात रिकामे असले की मी मुलांच्या डोक्यावरून फिरवते. मोठ्या मुलांना ते आवडत नाही." आधी त्या पालिकेच्या शाळेत होत्या. पती लवकर गेले, मुलगा पुण्याला नोकरीला. नाशिकरोडच्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली मुलांनी केलेली वेडीवाकडी मातीची चित्रं. तिथून दोन बस बदलून त्या शाळेत यायच्या आणि आमच्याआधी पोचलेल्या असायच्या. मला त्या कधी नावानं हाक मारत नसत. "अहो पुस्तकवाले" म्हणत.

पायरी म्हणजे मुख्य इमारतीच्या दारातली खालची दगडी पायरी. भांडण झालं की दोघांनी तिच्यावर बसायचं. मध्ये गोटा ठेवायचा. हा गोदावरीतला काळा, गुळगुळीत, मुठीत मावणारा दगड होता. ताईंनी तो कधीतरी नदीवरून उचलून आणलेला. नियम एवढाच की आपली बाजू सांगायची नाही. समोरच्याची सांगायची. ती त्याला पटेपर्यंत सांगायची. पटली की त्यानं गोटा उचलून सांगणाऱ्याच्या हातात द्यायचा. मग दुसऱ्याची पाळी. दोघांना गोटा मिळाल्याशिवाय ताई एक शब्द बोलत नसत. कधी दहा मिनिटांत व्हायचं, कधी दुपार जायची. "तुम्हाला घाई असेल तर भांडू नका," त्या म्हणायच्या. "मला घाई नाही."

ग्रंथालयाची खिडकी बरोबर पायरीवर उघडते. त्यामुळे हे सगळं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो. पुस्तकांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकलं असेल.

दुसरा एक नियम होता. उपाशी मुलाला पायरीवर बसवायचं नाही. आधी खायचं, मग भांडण. ताईंच्या पिशवीत नेहमी एक जादा डबा असायचा. हे चौथीतल्या दोन मुलांच्या लक्षात आलं. ताई ज्या दिवशी शिरा आणायच्या त्या दिवशी ही दोघं सकाळी सकाळी एकमेकांची कॉलर धरून हजर. ताई शांतपणे डबा उघडायच्या, दोघांना वाढायच्या. एकदा खाऊन झाल्यावर त्यांनी मध्ये गोटा ठेवला आणि म्हणाल्या, "हं, सांग. याचं म्हणणं काय?"

पहिला दुसऱ्याकडे बघायला लागला. "ताई, याचं म्हणणं... याचं म्हणणं काय होतं रे?"

"तूच म्हणालास ना मी सांगेन म्हणून!"

ताईंनी डबा बंद केला. "अरे, निदान भांडण तरी ठरवून यायचं. शिरा काय, मी असाही दिला असता."

पायरीवर बसल्या बसल्या त्या लहान मुलांची नखं कापायच्या. पिशवीत नेलकटर असायचंच. नखं कापून घेताना मूल खोटं बोलत नाही, असा त्यांचा दावा होता. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. 'शिक्षा' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता, त्या 'पुढचं काम' म्हणत. खिडकीची काच फोडली? पुढचं काम, सुताराबरोबर उभं राहून नवी काच बसवायची. कुणाला रडवलं? पुढचं काम, आठवडाभर त्याच्या शेजारी बसून जेवायचं. मुलांची आडनावं त्या विसरायच्या. पण वसतिगृहातल्या कुठल्या मुलीला दिवा मालवला की झोप येत नाही, आणि कुणाचे वडील सध्या घरी बोलत नाहीत, हे त्यांना ठाऊक असायचं.

पंचवटीतले एक भाजीवाले गृहस्थ एकदा मोटारसायकलवरून थेट पायरीपर्यंत आले होते. त्यांच्या मुलाला कुणीतरी बाकावरून ढकललं होतं. "कोन हाय तो? माझ्या पोराला हात लावनारा कोन? बोलवा त्याला!"

"बसा," ताई म्हणाल्या. "नाश्ता झालाय का?"

"नाश्त्याचं काय घेऊन बसलात मॅडम!"

"झालेला दिसत नाही." त्यांनी डबा पुढे केला. पोहे होते. माणूस पोहे खात खात थंड झाला. मग ताईंनी त्यांना पायरीवर बसवलं आणि ज्यानं ढकललं त्या मुलाची बाजू सांगायला सांगितलं.

"मी? मी कशाला सांगू त्याची बाजू?"

"न्याय हवाय ना तुम्हाला?"

तो मुलगा समोर उभाच होता. गृहस्थांनी त्याला एकेक विचारायला सुरुवात केली. तू कुठं बसला होतास, आधी कोण आलं, काय म्हणाला तो. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "च्यायला! ही तर आमच्याच दिवट्याची चूक हाय की!"

"असंही नाही," ताई म्हणाल्या. "फार लवकर उलटलात तुम्ही. आता तुमच्या मुलाची बाजू सांगा. त्याचीही असेलच."

ते गृहस्थ पुढे वर्षभर वसतिगृहासाठी मेथीच्या जुड्या पाठवत राहिले.

हे सगळं मी आनंदानं लिहितो आहे. पण या गोट्यानंच एकदा एका मुलीची शाळा कायमची सुटायची वेळ आली होती, आणि मला खरं तर तीच गोष्ट सांगायची आहे. ताईंचं मोठेपण मला पायरीवर फारसं दिसलं नव्हतं. दिसलं ते पायरी चुकली तेव्हा.

यमुना भोये आठवीत होती. हरसूलजवळच्या एका पाड्यावरची. अबोल मुलगी. बोलायच्या आधी तोंडावर हात धरायची, मग हाताआडून बोलायची. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात वाढायचं काम तिनं मागून घेतलं होतं, आणि ते ती मन लावून करायची. त्याच वर्गात इरा होती. इरा शहरातली, डॉक्टरांची मुलगी. हुशार, हसरी, नाटकात पुढे. कुणाचीही हुबेहूब नक्कल करायची. माझीही केली होती, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत बसलेली. मी पोट धरून हसलो होतो.

एका दुपारी जेवणाच्या रांगेत इरानं यमुनाची नक्कल केली. तोंडावर हात धरला, खांदे आखडले, मान खाली घातली, "ताई, भात नाय उरला का?" सगळी रांग हसली. यमुना पलीकडून वरण वाढत होती. तिच्या हातात पळी होती. तिनं ती इराच्या तोंडावर मारली. ओठ फुटला. टाके घालावे लागले.

दुसऱ्या दिवशी दोघी पायरीवर आल्या. जेवण झालं होतं. गोटा मध्ये होता. भोवती आठवीची मुलं-मुली उभी होती, कारण सगळ्यांच्या देखत झालेलं भांडण सगळ्यांच्या देखतच सोडवायचं अशी पद्धत होती. इराला सुजलेल्या ओठांनी बोलायला त्रास होत होता, तरी ती आधी बोलली. यमुनाची बाजू तिनं यमुना होऊनच सांगितली.

"मी यमुना," ती म्हणाली, आणि तिचा हात तोंडावर गेला. "मी लय लांबून येते. मी वाढत होते. तेवढ्यात इरानं माझी नक्कल केली. सगळी हसली. मला लय वाईट वाटलं. माझ्या हातात पळी होती. मी मारली."

शब्दाशब्दानं बरोबर होतं. एकही गोष्ट लपवली नव्हती, स्वतःची चूकही सांगितली होती. मागे दोघंतिघं खुदकन हसली. ताईंनी यमुनाकडे पाहिलं. "असंच झालं ना ग?"

यमुनानं वर न बघता गोटा उचलला आणि इरापुढे ठेवला.

आता यमुनाची पाळी होती. ती बोलली नाही. ताई थांबल्या. घंटा झाली, मुलं वर्गात गेली, ताई थांबल्या. यमुना गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "इरानं तुझी बाजू सांगितली, तू तिची सांगत नाहीस. हे बरोबर नाही. जमेल तेव्हा माझ्याकडे ये. तोवर स्वयंपाकघरात वाढायला जाऊ नकोस."

शनिवारी मुली घरी जातात तशी यमुना गेली. सोमवारी बाकीच्या आल्या, ती आली नाही. तिच्या पाड्यावरच्या मुलीनं सांगितलं, "ती नाय येनार ताई. ती आता द्राक्षाच्या टोळीत जानार हाय. तिच्या बापानं मुकादमाला सांगून ठेवलंय."

टोळीत गेलेली मुलगी परत वर्गात बसलेली आम्ही पाहिली नव्हती. दिवाळीनंतर मजुरांच्या टोळ्या द्राक्षबागांकडे निघायच्या. म्हणजे हाताशी फार दिवस नव्हते. इकडे इराचे वडील दोनदा येऊन गेले होते. मुलीला टाके पडलेत, त्या मुलीला काढूनच टाका, असं त्यांचं म्हणणं होतं. एका विश्वस्तांनी ताईंना हळूच सुचवलं की मुलगी आपणहून गेली आहे, तर शाळा सोडल्याचा दाखला पाठवून द्यावा, म्हणजे विषय मिटेल. ताई म्हणाल्या, "विषय मिटेल. मुलगी कुठं जाईल?" दाखल्यावर त्यांची सही लागायची, ती त्यांनी केली नाही. पण त्या अस्वस्थ होत्या. आपलं काय चुकलं हे त्यांना कळत नव्हतं, आणि काहीतरी चुकलंय हे कळत होतं.

ते कळलं इरामुळे. ती ग्रंथालयात पुस्तक परत करायला आली होती. ताई वर्तमानपत्र चाळत बसल्या होत्या.

"ताई," इरा म्हणाली, "मी पायरीवर चांगलं केलं होतं ना?"

"चांगलं केलं म्हणजे?"

"म्हणजे तिचं सगळं बरोबर जमलं होतं. टाके होते तरी. सगळे हसले पण."

ताईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. इरा गेल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो पुस्तकवाले, इतकी वर्षं तुम्ही त्या खिडकीत आहात. पायरीवर याआधी कधी कुणाला हसताना ऐकलंत? निवाड्याच्या मध्येच?"

"नाही."

"मग मी त्या दिवशी काय ऐकत होते?"

हरसूलला बाजाराच्या दिवशी गेलो. ताईंनी मला बरोबर यायला सांगितलं, का ते सांगितलं नाही. त्र्यंबकवरून बस जाते. बसमध्ये बाजाराला निघालेली माणसं, पायांत कोंबड्या, टोपल्या. ताईंच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत डबा आणि गोटा. पाड्यापर्यंत चालत गेलो. यमुनाचे वडील अंगणात बांबू फोडत होते. त्यांनी खाट टाकली, पण ताई ओट्यावरच बसल्या. यमुनाच्या आईनं कोरा चहा दिला. यमुना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"बस ग," ताई म्हणाल्या. "आज मला बोलायचंय. मी तुझी बाजू सांगते. पण माझ्या आवाजात सांगते."

यमुना ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. ताईंनी मध्ये गोटा ठेवला. मी अंगणात खाटेवर होतो. यमुनाचे वडील कोयता खाली ठेवून बघत होते.

"इरानं तुझी नक्कल केली," ताई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर केली. म्हणून तुला राग आला."

यमुनानं मान हलवली. नाही.

"तू मारलंस तेव्हाच तुझा राग संपला. पण मी तुला स्वयंपाकघरातून काढलं. म्हणून तू आली नाहीस."

पुन्हा नाही.

वडील म्हणाले, "ताई, पोरगी तशी बोलतच नाय. तुमी उगा तरास घेता."

"घेऊ द्या," ताई म्हणाल्या. "मला घाई नाही."

सावली ओट्यावरून खाली उतरली. ताईंनी डबा उघडून यमुनापुढे सरकवला. तिनं एक घास घेतला. मग ताई पुन्हा बोलायला लागल्या, या वेळी अगदी सावकाश.

"तू मारलंस, त्याचं तुला वाईट वाटत होतं. ते सांगायलाच तू पायरीवर आली होतीस. पण तिथे तीच नक्कल पुन्हा झाली. तोंडावर हात धरून, तशीच. रांगेत झाली तेव्हा मी नव्हते. पायरीवर मी समोर होते आणि मी थांबवली नाही. उलट तुलाच विचारलं, असंच झालं ना. तू गोटा दिलास तो पटलं म्हणून नाही. लवकर संपावं म्हणून दिलास."

यमुना गोट्याकडे बघत होती. तिचा हात पुढे आला आणि थांबला.

"अजून आहे?" ताईंनी विचारलं.

यमुनाचा हात तोंडावर गेला. हाताआडून ती म्हणाली, "तुमीपण हसल्या."

ताईंच्या चेहऱ्यावर मी त्यापूर्वी तसा भाव पाहिला नव्हता. "मी हसले?"

"हां. जरासं."

मला वाटलं ताई म्हणतील की तसं नव्हतं, मला कौतुक वाटलं असेल, मी दुसऱ्याच कशाला हसले असेन. ते सगळं खरंही असू शकलं असतं. त्यातलं त्या काहीच म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं. तू पाहिलंस, म्हणजे हसले असेन." मग त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. रांग, पळी, पायरी, नक्कल. आणि शेवटी, "मी समोर बसले होते, आणि मीपण हसले."

यमुनानं गोटा उचलून त्यांच्या हातात ठेवला.

"आता तू माझी बाजू सांग," ताई म्हणाल्या. "नियम आहे."

यमुनानं विचार केला. "तुमाला वाटलं, इरा चांगली बोलती. म्हनजे तिला कळलं आसंल."

ताईंनी गोटा परत तिला दिला. यमुनाच्या वडिलांनी खाकरून घसा साफ केला. पोरीकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, बांबूकडे पाहिलं. "मंग आता मुकादमाला काय सांगू? एक मानूस कमी?"

"एक मानूस कमी," यमुना म्हणाली. हात तोंडावर नव्हता.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीशी बसल्या होत्या. त्र्यंबक मागे पडल्यावर बाहेर बघत म्हणाल्या, "मी देवळ्याकडून नाशिकला शिकायला आले तेव्हा वर्गात माझीपण नक्कल व्हायची. आमच्याकडं अहिराणी बोलताना शे येतं ना, काय शे, कुठं शे. पोरी मला 'शे-वाली' म्हणायच्या. मी एका वर्षात ते सगळं काढून टाकलं. घासून घासून काढलं. मला वाटायचं, बरं झालं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "इतकं काढायला नको होतं."

त्यांनी पिशवीतून डबा काढून माझ्यापुढे केला. "खा. तुम्ही सकाळपासून उपाशी आहात."

यमुना सोमवारी परत आली. त्या दिवशी परिपाठाला ताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी पूर्ण शाळेला सांगितलं की पायरीवर त्यांचा निकाल चुकला होता. कसा चुकला तेही सांगितलं, हसण्यासकट. विश्वस्तांपैकी काहींना ते आवडलं नाही. मुलांसमोर असं बोललं की वचक राहत नाही, असं त्यांचं मत होतं. पण त्यानंतरच्या आठवड्यात पायरीवर जितकी मुलं आपणहून आली तितकी आधी कधी आली नव्हती.

इराला त्यांनी सोडून दिलं नाही, आणि दूरही केलं नाही. तिच्याबरोबर त्या स्वतः पायरीवर बसल्या आणि तिची बाजू सांगितली. "तुला वाटलं, तू तिच्यासाठी बोलतेस. आणि मी तुला तसंच शिकवलं होतं." इरानं गोटा दिला आणि मग खूप रडली. ताईंनी तिची नखं कापली. ओठ फोडल्याचं पुढचं काम यमुनाला होतंच, नकलेचं इराला होतं. दोघींनी सत्र संपेपर्यंत एकत्र वाढप करायचं ठरलं. वरणाची पळी कुणाच्या हातात, यावरून त्यांचं पुन्हा एकदा भांडण झालं, पण ते पायरीपर्यंत आलं नाही.

पायरीचा नियमही तेव्हापासून थोडा बदलला. दुसऱ्याची बाजू आपल्याच आवाजात सांगायची. ज्याला शाळेच्या भाषेत जमत नाही त्यानं घरच्या भाषेत सांगावी, कळणारं माणूस शोधायची जबाबदारी आमची. आणि गोटा मागायचा नाही, तो आला तर येईल.

गेल्या हिवाळ्यात ताईंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मुलगा पुण्याहून येऊन राहिला. आम्ही आळीपाळीनं जात होतो. ताई बोलायचा प्रयत्न करायच्या, आवाज यायचा, शब्द यायचा नाही. मग आम्ही अंदाज करायचो. पाणी हवंय? पंखा लावू? उशी? बसवू का? त्या मान हलवत राहायच्या आणि शेवटी डोळे मिटून घ्यायच्या. सगळे त्यांच्याशी मोठ्यानं आणि हळू हळू बोलत, लहान मुलाशी बोलावं तसं. "ताईऽऽ, औषध घ्यायचं नाऽऽ? शहाण्या ना तुम्ही?"

एका रविवारी दुपारी मी गेलो तेव्हा यमुना आली होती. ती आता नाशिकरोडलाच कॉलेजात शिकते. ती खाटेजवळ जमिनीवर बसली होती. ताईंचा मुलगा म्हणत होता, "सकाळपासून काहीतरी सांगतेय. सगळं विचारून झालं."

यमुनानं थोडा वेळ नुसतं पाहिलं. मग तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला कुठं दुखतंय का?" ताईंनी मान हलवली, नाही. "भीती वाटते?" नाही. "कुणावर रागावलात?" ताई थांबल्या. मान हलली नाही.

"आमच्यावर," यमुना म्हणाली. "आम्ही सगळे तुमच्याशी बाळाशी बोलल्यासारखं बोलतो. तुम्हाला सगळं कळतं, तरी. आणि तुम्ही थांबवू शकत नाही."

ताईंचा डावा हात चादरीवर इकडेतिकडे काहीतरी शोधायला लागला. उशाशी स्टुलावर औषधाच्या बाटलीचं झाकण पडलं होतं. ते त्यांना सापडलं. त्यांनी ते उचललं आणि यमुनाच्या तळहातावर ठेवलं.

आधी त्यांच्या मुलाला काही कळलं नाही. मग यमुना हसली, आणि ताईंचं अर्धं तोंड हसलं. घशातून येणारा तो आवाज हसण्याचाच होता, त्यात शंका नव्हती. मुलानं खाली बसून विचारलं, अगदी साध्या आवाजात, "आई, चहा घेणार?" त्यांनी मान डोलावली. मी निघालो तेव्हा यमुना त्यांची नखं कापत होती. तेव्हाच मी ताईंना शेवटचं पाहिलं.

दुःख आहे. पण ती दुपार आठवली की मला हायसं वाटतं. आपलं म्हणणं कुणाला कळलंच नाही, असं मनात घेऊन त्या गेल्या नाहीत.

गोटा पायरीशेजारच्या कोनाड्यात असतो. जादा डबा आता आम्ही आळीपाळीनं आणतो.